राळ, काच आणि ऊन



आजच्या भागात गाडीच्या पुढच्या काचेबद्दल बोलू या. खरं तर काचेला खडा लागून टवका उडाला की त्यात जो पारदर्शक थेंब भरतात, त्या थेंबाबद्दल. गॅरेजवाले त्याला रेझिन म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे, राळ.

खलिफा सिटीत राहणाऱ्यांना या टवक्याची ओळख करून द्यायला नको. एकीकडे विमानतळ, दुसरीकडे मुसफ्फाहचा औद्योगिक भाग, आणि आजूबाजूने दुबईकडे व अल ऐनकडे जाणारे मोठे रस्ते. त्या रस्त्यांवर खडी आणि वाळू वाहणारे ट्रक. पुढच्या ट्रकमधून हरभऱ्याएवढा खडा उडतो, काचेवर टक्कन वाजतो आणि समोर चांदणीसारखी खूण उमटते. मग संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रश्न येतो, "काच दुरुस्त करणारा स्वस्तात कोणी आहे का?" दहा मिनिटांत पाच फोन नंबर येतात. दुरुस्त करणारा कोणती राळ भरतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझा धंदा आयटी सल्लागाराचा. कंपन्यांना पुरवठादार निवडायला मदत करताना मी एक प्रश्न आधी विचारायला लावतो: ही वस्तू फसली तर किंमत कोण मोजणार? स्वस्त छपाईयंत्र फसलं तर दोन कागद वाया जातात. पुढची काच फसली तर किंमत मोजतात ते गाडीत बसलेले. बहुतेक गाड्यांमध्ये शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. गाडी उलटली तर छत पेलायला हीच काच मदत करते. म्हणजे ती गाडीच्या सांगाड्याचाच एक भाग आहे. म्हणून त्या थेंबाचा इतिहास पाहायला हवा, कारण त्या इतिहासातच कोणती राळ निवडावी याचं उत्तर आहे.

राळ म्हणजे झाडाच्या सालीतून पाझरून घट्ट होणारा चीक. "आरोपांची राळ उडवली" असं आपण म्हणतो ते याच राळेवरून. कोकणात दशावतारात राक्षसाचा प्रवेश होताना पेटत्या मशालीवर राळेची पूड उधळतात, भडका उडतो आणि पोरंसोरं दचकतात. राळेची सख्खी शेजारीण म्हणजे लाख. ती झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांपासून मिळते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर आणि गंजिफांवर चकाकी येते ती लाखेमुळे. सोनारही पोकळ दागिन्यात लाख भरतो, म्हणजे पातळ पत्र्याला आतून आधार मिळतो आणि पोचा पडत नाही. ही सोनाराची युक्ती लक्षात ठेवा. पोकळी भरायची, आतून आधार द्यायचा. काचेच्या दुरुस्तीत हेच करतात.

आता मोटारीकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींना पुढे साधी काच असे, घराच्या खिडकीला असते तशी. अपघात झाला की तिच्या लांब, धारदार फाका होत आणि माणसं अपघातापेक्षा काचेनेच जास्त जखमी होत. दोन काचांच्या मध्ये काहीतरी चिकट घालून त्या एकमेकींना धरून ठेवाव्यात, ही कल्पना अनेकांना सुचली. १९०५ साली इंग्लंडमध्ये जॉन क्रू वुड यांनी अशा जोडकाचेचं पेटंट घेतलं. त्यांनी चिकटवायला वापरलं कॅनडा बाल्सम, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी झाडाची राळ. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर पातळ छेद कायमचा बसवायला तुमच्यापैकी काहींनी ते वापरलं असेल. काचेतून आणि या राळेतून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून ती काचेत मिसळून दिसेनाशी होते. कल्पना चांगली होती, पण ती काच बाजारात फारशी चालली नाही.

पॅरिसमध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाचे चित्रकार आणि रसायनशास्त्रज्ञ होते. १९०३ साली त्यांच्या हातून काचेची एक कुपी पडली, अशी गोष्ट सांगतात. कुपी तडकली, पण तिचे तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेल्या द्रवाचा सेल्युलोज नायट्रेटचा पातळ पापुद्रा वाळून राहिला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. पुढे १९०९ साली त्यांनी या तत्त्वावरच्या काचेचं पेटंट घेतलं. दोन काचा आणि मध्ये सेल्युलॉइड, असे तीन थर, म्हणून नाव ट्रिप्लेक्स. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच बसवली गेली. युद्धानंतर मोटार कंपन्यांनीही ती हळूहळू स्वीकारली.

पण सेल्युलॉइडला ऊन सोसवलं नाही. काही वर्षांतच मधला थर पिवळा पडू लागला, त्यात बुडबुडे दिसू लागले, कडा सुटू लागल्या. शोरूममध्ये आरशासारखी चमकणारी काच काही उन्हाळ्यांनंतर चहाच्या गाळणीसारखी दिसे. मग सेल्युलोज अॅसिटेट आलं. त्याने पिवळेपणा कमी झाला, पण थंडीत ते ठिसूळ होई. अखेर १९३० च्या दशकात पॉलिव्हिनिल ब्युटिरल आलं. हा मऊ, लवचिक, रबरासारखा ताणला जाणारा आणि उन्हात टिकणारा थर आजही आपल्या गाडीच्या काचेत आहे. अमेरिकेत १९६६ च्या गाड्यांपासून त्याची जाडी साधारण ०.३८ मिलिमीटरवरून ०.७६ मिलिमीटर केली गेली, म्हणजे डोकं आपटलं तरी काचेतून आरपार जाऊ नये.

एका ओळीत सांगायचं तर, सुरक्षित काचेच्या पहिल्या तीस वर्षांत काच फारशी बदलली नाही. बदलत गेला तो मधला चिकट पदार्थ, आणि बाद झाले ते बहुतेक उन्हाने, थंडीने, काळाने बाद केले. पहिल्या दिवशीची चमक कोणाच्याच कामी आली नाही.

याच काळात महाराष्ट्रातही काचेची एक गोष्ट घडत होती. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून दरसाल एक एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काचेचं काम शिकवत. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्या जागेला आज ओगलेवाडी म्हणतात. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी लागला. तळेगावात किंवा ओगलेवाडीत मोटारीच्या जोडकाचा बनत नव्हत्या, पण कंदिलाच्या काचेने मराठी घरांना एक धडा दिला आणि तो इथे फार उपयोगी पडतो.

तुमच्या आजीला विचारा. जळत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, ओल्या फडक्याने ती पुसायची नाही. का? तापलेल्या काचेचा एक भाग एकदम थंड झाला तर तो आकसतो, शेजारचा गरम भाग आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत काच तडकते. आधीच बारीक चीर असेल तर ओढाताण तिच्या टोकाशी एकवटते आणि चीर धावत सुटते. आता आपल्याकडचा ऑगस्ट डोळ्यांसमोर आणा. गाडी दोन तास उन्हात उभी आहे, काचेला हात लावता येत नाही. तुम्ही आत बसता आणि एसीचा झोत पूर्ण जोरात समोरच्या काचेवर सोडता. बाहेरून आग, आतून गारवा. सकाळी नखाएवढी असलेली चांदणी दुपारी वीतभर लांब होते ती अशी. कंदिलाचा नियम इथेही तसाच लागू आहे.

तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. आपल्या लहानपणी ट्रकची किंवा प्रीमियर पद्मिनीची पुढची काच फुटली की ती अख्खी काच साबुदाण्यासारखी दाणेदार होऊन खाली सांडायची. ती कडक केलेली एकपदरी काच असे. भारतात पुढच्या काचेला जोडकाच सक्तीची झाली ती १९९० च्या दशकात. आज भोसरी-चाकण पट्ट्यातही गाड्यांच्या काचा बनतात. पण बाजूच्या आणि मागच्या काचा आजही बहुतेक गाड्यांत त्या जुन्या साबुदाणा जातीच्याच असतात. त्यांना चीर गेली तर राळ भरून उपयोग नाही, काच बदलावीच लागते. कोणी "मागची काचही भरून देतो" म्हणाला, तर तो माणूस चुकीचा आहे असं समजा.

आता दुरुस्तीची गोष्ट. खड्याने बहुधा फक्त बाहेरचा पदर फुटतो. हा पदर दोन-अडीच मिलिमीटर जाड असतो. मधला थर आणि आतली काच शाबूत राहते. टवका आपल्याला दिसतो, कारण त्यात हवा शिरलेली असते आणि काच व हवा यांच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होतो. ती हवा काढून काचेसारखंच वागणारं काही भरलं, तर खूण जवळजवळ नाहीशी होते आणि चीर पुढे धावायची थांबते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९७२ साली नोवस या नावाने हा व्यवसाय सुरू झाला आणि तिथून जगभर पसरला. कॅनडा बाल्समसारख्या झाडाच्या राळेपासून सुरू झालेली गोष्ट अशी पुन्हा राळेपाशी आली. फरक एवढाच, की आजची राळ कारखान्यात बनते. ती अॅक्रिलिक जातीची असते, पाण्यासारखी वाहते आणि अतिनील प्रकाश पडला की काही मिनिटांत कडक होते.

मग चांगली राळ ओळखायची कशी? तीन प्रश्न विचारायचे, आणि तिन्ही इतिहासातूनच आलेले आहेत.

पहिला प्रश्न: ती काचेसारखी दिसते का? काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२ असतो. कडक झाल्यावर राळेचा आकडा त्याच्या जितका जवळ, तितकी खूण कमी. चांगल्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो.

दुसरा प्रश्न: ती चिरेच्या टोकापर्यंत पोचते का आणि तिथे धरून राहते का? बारीक, लांब चिरेला पातळ राळ लागते. गोल खळग्याला थोडी दाट चालते. पृष्ठभागावरचा खड्डा बुजवायला आणखी दाट, कडक होणारी राळ वेगळी असते. सगळ्या कामांना एकच बाटली वापरणारा कारागीर घाईत आहे असं समजा. चांगला कारागीर आधी यंत्राने पोकळीतली हवा ओढून काढतो, मग दाबाने राळ आत ढकलतो, आणि हे दोन-तीनदा करतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ती उन्हात टिकते का? सेल्युलॉइड इथेच हरलं होतं. हलकी राळ पहिल्या दिवशी छान दिसते आणि उन्हाळा सरेपर्यंत पिवळी पडते किंवा कडेने सुटते. म्हणून उत्पादनाची चाचणी कुठल्या मानकानुसार झाली आहे ते विचारा. ब्रिटनचं बीएस एयू २५१ हे मानक दुरुस्तीच्या राळेसाठी आहे. अमेरिकेत २००७ साली रोलॅग्ज नावाचं मानक आलं. बाटलीवर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहा. गडद बाटली थंड जागी ठेवलेली असावी. तापलेल्या व्हॅनमध्ये महिनोन्महिने पडून राहिलेली राळ घट्ट होते आणि मग बारीक चिरेत शिरत नाही.

राळ कितीही उत्तम असली तरी भर उन्हात भरली तर वाया जाते. सूर्यप्रकाशातही अतिनील किरण असतात, त्यामुळे ती चिरेच्या टोकापर्यंत पोचायच्या आधीच तोंडाशी घट्ट होऊ लागते. शिवाय काच तापलेली असेल तर राळ भरताना आणि नंतर थंड होताना ताण बदलतो. काम सावलीत हवं, काच हळूहळू निववलेली हवी आणि टवका कोरडा हवा. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात, उघड्यावर काम करायला बंदी असते. ती माणसांसाठी आहे, पण राळेलाही ती मानवते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारी काम करून घ्यायचं असेल तर तळघरातलं पार्किंग निवडा.

घरगुती उपायांबद्दलही बोलायला हवं. टवक्यावर पारदर्शक नेलपॉलिश लावा, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. नेलपॉलिशचा पापुद्रा बहुधा कशाचा असतो? सेल्युलोज नायट्रेटचा. म्हणजे ज्या पदार्थाने बेनेदिक्तुस यांची कुपी धरून ठेवली आणि जो पुढे गाड्यांच्या काचांत पिवळा पडला, तोच. नेलपॉलिश लावणं म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मोडीत निघालेलं तंत्रज्ञान पुन्हा गाडीवर चढवणं. झटपट चिकटणारा गोंदही तसाच. तो ठिसूळ असतो आणि चीर नीट भरत नाही. यांपैकी काहीही एकदा आत गेलं की ते बाहेर काढता येत नाही आणि नंतर चांगल्या राळेला जागाच उरत नाही. दुरुस्तीची संधी बहुधा एकदाच मिळते. म्हणून टवका उडाल्यावर लगेच करायची गोष्ट साधी आहे: वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. गाडी सावलीत ठेवा, एसीचा झोत काचेवरून वळवा, आणि दोन-चार दिवसांत कारागिराकडे जा.

कधी दुरुस्ती नको, सरळ काच बदला? आतला पदर फुटला असेल, चीर कडेपर्यंत पोचली असेल किंवा मधल्या थरात पांढरट डाग दिसत असेल, तर बदला. चालकाच्या नजरेसमोर मोठा टवका असेल तरीही बदला, कारण दुरुस्तीनंतर उरलेली पुसट खूणही रात्री समोरच्या दिव्यांनी चमकते. ब्रिटिश मानक स्टीअरिंगच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या टवक्याची दुरुस्ती मान्य करत नाही. घरी मोजायला हा नियम सोपा आहे. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली तर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हे आधी विचारून घ्या. म्हणूनच छोटा टवका वेळेत भरणं हे खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

शेवटचा मुद्दा गाडीबाहेरच्या माणसाचा. कडक झालेल्या राळेपासून तुम्हाला धोका नाही. पातळ, कच्च्या राळेचं मात्र तसं नाही. या जातीच्या पदार्थांचा त्वचेला वारंवार स्पर्श झाला तर अॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. मुसफ्फाहच्या गॅरेजमध्ये हे काम करणारा मुलगा बहुतेक वेळा आपल्याच बाजूचा असतो, भारतातला, पाकिस्तानातला, बांगलादेशातला. त्याच्या हातात योग्य हातमोजे आहेत का, अतिनील दिव्यासमोर चष्मा आहे का, हे पाहा. नसतील तर मालकाला शांतपणे विचारा. ज्या गॅरेजला आपल्या माणसाच्या हातांची काळजी आहे, ते तुमच्या काचेचीही घेईल, असा माझा व्यावसायिक अंदाज आहे. घरी किट आणलंत तर हाच नियम स्वतःला लावा आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर त्या जागेचा मोबाइलवर जवळून फोटो काढा, आणि पावतीवर वापरलेल्या राळेचं नाव लिहून घ्या. सप्टेंबरअखेर पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पिवळेपणा नाही, चीर वाढलेली नाही, कड सुटलेली नाही, असं दिसलं तर ते गॅरेजचं नाव आणि राळेचं नाव दोन्ही मंडळाच्या गटावर टाका. पुढच्या वेळी कोणी "स्वस्तात कोणी आहे का?" विचारेल, तेव्हा त्याला एका उन्हाळ्यात पारखलेलं उत्तर मिळेल.

रस्त्यावर ट्रकच्या मागे अंतर ठेवून चाला, मंडळी. पुन्हा भेटू.